सहा तासांना दीड अंश

"ताई, तुमची रेघ चुकलीय," कॅप्टन कोयंडे म्हणाले.

सॅटेलाइट फोनवर आपलं बोलणं पलीकडे पोचायला सेकंदभर लागतो आणि तिकडचं इकडे यायला आणखी सेकंदभर. तेवढ्यात मी समोरच्या नकाशावर नजर टाकली. रेघ जागच्या जागी होती. दहा मिनिटांपूर्वी मीच ती पेन्सिलीने काढली होती, एकोणचाळीस अंश पश्चिम रेखांशावर, उभी, ठसठशीत.

"चुकलीय म्हणजे?"

"म्हणजे असं, की तुमच्या हिशेबाने ती लाट आमच्यावरून पश्चिमेला निघून गेली. बरोबर? मग आता वारा आग्नेयेचा यायला हवा. इथे अजून ईशान्येचाच आहे. आणि गेल्या दोन तासांत तो उत्तरेकडे सरकायला लागलाय. बॅरोमीटरही खाली येतोय. थोडा थोडा, पण येतोय."

बेलापूरच्या आमच्या ऑफिसात सकाळचे साडेअकरा वाजले होते. चहावाला किटली घेऊन टेबलाटेबलाशी फिरत होता. तिकडे अटलांटिकच्या मधोमध 'कमलाक्षी' जहाजावर पहाटेचे साडेतीन झाले होते आणि कॅप्टन मोरेश्वर कोयंडे झोपायचं सोडून वारा बघत उभे होते.

"सरी येत असतील मधे मधे. त्याने वारा फिरतो थोडा वेळ," मी म्हणाले.

"सरीचा वारा वेगळा. हा तसा नाही."

हे संभाषण पुढे आणखी चार मिनिटं चाललं. त्या चार मिनिटांचा शब्दन् शब्द मला आजही पाठ आहे. पण ते सांगण्याआधी ही रेघ काय भानगड होती ते सांगायला हवं.

मी नीलिमा बारबोले, मूळची बार्शीची. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या बाविसाव्या वर्षी, आणि तोही दादरच्या चौपाटीवर, म्हणजे पाहिला नाही असंच म्हणा. पुढे हवामानशास्त्र शिकले आणि एका खाजगी कंपनीत लागले. जहाजांना सल्ला द्यायचा, हे कंपनीचं काम. कुठल्या वाटेने जा, कुठे वेग कमी करा, कुठे चक्क थांबून राहा. माझ्याकडे अटलांटिक होता. बार्शीच्या मुलीकडे अटलांटिक सोपवला म्हणून आमच्याकडे सगळे मला हसत, आणि कॅप्टन कोयंडे तर पहिल्या दिवसापासून.

"बार्शीक समुद्र खयसून इलो?" त्यांनी पहिल्याच फोनवर विचारलं होतं. ते देवगडजवळच्या एका वाडीतले. घराणं मासेमारीचं, आणि त्यातून शिकून कॅप्टन झालेला हा पहिला माणूस. वय तेव्हा चोपन्न. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. तीन वर्षं फक्त आवाज. पण रोज साडेअकराला त्यांचा फोन यायचा, आणि आला नाही तर मला चुकल्यासारखं व्हायचं.

तर लाटा. जून ते ऑक्टोबर, दर तीन-चार दिवसांनी आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून वाऱ्याला पडलेला एक बाक अटलांटिकवर उतरतो आणि पश्चिमेकडे चालू लागतो. सतरंजीचं एक टोक धरून झटकलं की जशी घडी पुढे पळत जाते, तसं. ही पाण्याची लाट नव्हे, हवेची. वर्षाला साठेक येतात. बहुतेक नुसताच पाऊस पाडून विरून जातात. चार-सहांच्या पोटात मात्र भोवरा धरतो आणि त्यांची चक्रीवादळं होतात. कुठल्या होणार हे आधी कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून सगळ्यांवरच डोळा ठेवावा लागतो. नकाशावर प्रत्येक लाटेची एक उभी रेघ. रेघ यायच्या आधी वारा ईशान्येचा, गेल्यानंतर आग्नेयेचा.

आता यातली मेख अशी. दिवसपाळीला बसणाऱ्या आम्हाला अटलांटिक कायम काळोखातच दिसायचा. आमचे साडेअकरा म्हणजे तिकडची पहाट. उपग्रहाची चित्रं आमच्याकडे सहा सहा तासांनी येत, आणि अंधारातलं चित्र असतं उष्णतेवरून काढलेलं. त्यात उंचावरचे गार ढग पांढरेफेक दिसतात. खाली, समुद्रालगत, वारा कुठे वळतोय ते दिसत नाही. ते बघायला ऊन लागतं. ऊन पडलेलं चित्र संध्याकाळी साडेपाचला यायचं आणि माझी पाळी दोनला संपायची.

मग दिवसपाळीला लाट दिसली नाही तर काय करायचं? आधीच्या नकाशावर होती तिथून पुढे सरकवायची. लाट साधारण सहा तासांना दीड अंश चालते. पट्टी लावायची, दीड अंश मोजायचा, नवी रेघ ओढायची. याला आम्ही 'सातत्य' म्हणत असू. शंभरातल्या पंचाण्णव वेळा ते बरोबर निघतं. म्हणून तर त्याची सवय लागते.

सातत्य मोडायला परवानगी होती, नाही असं नाही. आमचे प्रमुख खांबेटे सर. चाळीस वर्षं नकाशे काढत आलेले, कडक इस्त्रीचा शर्ट आणि तशीच जीभ. त्यांचा नियम होता : रेघ मागे घ्यायची किंवा पुढे उडवायची तर कारण नकाशावरच लाल शाईने लिहायचं, खाली सही करायची, आणि तो नकाशा हंगाम संपेपर्यंत भिंतीवर लावायचा. निर्णय बरोबर ठरला तरी आणि चुकला तरी. शिकण्यासाठी, असं ते म्हणत.

त्या वर्षी जुलैमध्ये मी एक रेघ मोडली होती. एका लाटेच्या मागच्या अंगाला मला काहीतरी शिजतंय असं वाटलं. मी दोन जहाजांना लांबचा वळसा घ्यायला लावला. लाट तिसऱ्या दिवशी विरून गेली, साधी सरसुद्धा पडली नाही. दोन्ही जहाजं दोन-दोन दिवस उशिरा पोचली. मालकांचे फोन आले. खांबेटे सरांनी सगळ्यांदेखत मला विचारलं, "बारबोले, हे तुम्हाला दिसलं होतं की वाटलं होतं?"

"वाटलं होतं, सर."

"वाटायला आपण ज्योतिषी नाही."

तो लाल शाईचा नकाशा माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर लटकला. माझ्या अक्षरात, माझ्या सहीसकट. पाणी प्यायला उठलं तरी तो दिसायचा. कुणी नवीन माणूस आला की त्याला तो आवर्जून दाखवत. मी हसून साजरं करत असे. आतून मात्र कानकोंडी होऊन जायचे.

सप्टेंबरातल्या त्या मंगळवारी सकाळी मी नवं चित्र पाहिलं तेव्हा तेहतीसपासून चाळीस अंशांपर्यंत ढगांचा एक लांबच लांब पांढरा पट्टा पसरला होता. लाट त्यात कुठेही असू शकली असती. चाळिसावर असती, चौतिसावरही असती. मी दोन मिनिटं पाहिलं, काही उमगेना, आणि मी पट्टी उचलली. दीड अंश. रेघ एकोणचाळिसावर आली. 'कमलाक्षी' होती सदतिसावर. म्हणजे लाट जहाजाच्या पुढे, पश्चिमेला निघून गेलेली. जहाजाला ईशान्येला युरोपकडे जायचं होतं. रस्ता मोकळा, असं मी कळवून टाकलं.

आणि मग तो फोन आला.

"सरीचा वारा वेगळा. हा तसा नाही," कोयंडे म्हणाले. "ताई, एक साधी गोष्ट सांगतो. वाऱ्याकडे तोंड करून उभं राहिलं की कमी दाब उजव्या हाताला असतो. हे पुस्तकात तुम्ही शिकलात, मी आज्याकडून शिकलो. मी आत्ता बाहेर जाऊन उभा राहून आलोय. माझ्या उजव्या हाताला काहीतरी आहे."

तोंड उत्तरेकडे, मग उजवा हात म्हणजे पूर्व. म्हणजे ती लाट पुढे गेलीच नव्हती. मागे थबकली होती, आणि लाट थबकते ती बहुधा पोटात काहीतरी धरलं की. हे मला त्या क्षणी कळलं का? खोटं कशाला बोलू, कळलं. निदान शंका तरी आली. मी मान वर केली, आणि समोर तो जुलैचा नकाशा होता.

"चित्रात तसं काही नाहीये, कॅप्टन."

"नक्की?"

"रेघ एकोणचाळिसावर आहे."

"रेघ राहू दे. चित्रात काय आहे?"

दोन सेकंद गेले. त्यांना वाटलं असेल, फोनचा उशीर.

"उजव्या हाताला काही नाहीये," मी म्हणाले. "जे होतं ते पुढे गेलं. वारा दुपारपर्यंत आग्नेयेला येईल बघा."

तिकडून हसल्याचा आवाज आला, नेहमीसारखाच, पण जरा थकलेला. "बरं. तुमच्याकडे आभाळातून बघायची सोय आहे. माझ्याकडे दोन डोळे आणि म्हातारा बॅरोमीटर. चला, जातो मग सरळ. आमचा सारंग कधीचा म्हणतोय, नांगराजवळची झाकणं पुन्हा आवळून घेऊ म्हणून. त्याला सांगतो, झोप गपचूप."

सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम. त्याचं नाव इसाक होडेकर. तो जयगडच्या बाजूचा होता हे मला नंतर कळलं.

फोन ठेवल्यावर नोंदवहीत वेळ लिहिली. पुढच्या रकान्यात जहाजाने कळवलेला वारा आणि दाब लिहायचा असतो. मी पेन टेकवलं आणि उचललं. ईशान्य, उत्तरेकडे सरकता, असं लिहिलं असतं तर दोन वाजता येणाऱ्या माणसाने ते वाचताक्षणी नकाशा हातात घेतला असता. मी रकाना कोरा सोडला. मनात म्हटलं, साडेपाचचं चित्र येईलच, त्यात जे असेल ते संध्याकाळचे लोक बघतील. सहा तासांचा तर प्रश्न. चहा पिऊन मी दुसऱ्या जहाजांच्या कामाला लागले.

बुधवारी सकाळी सातला मी जिना चढून आले तर खांबेटे सर आधीच आलेले. ते साडेनवाच्या आत कधी येत नसत.

"बसा," ते म्हणाले. मी उभीच राहिले.

साडेपाचच्या चित्रात उन्हात सगळं लख्ख दिसलं होतं. पस्तीस अंशांवर ढगांचा भोवरा, अगदी गोल. 'कमलाक्षी' त्याच्यापासून सत्तर मैलांवर, त्याच्याकडेच तोंड करून. संध्याकाळच्या माणसाने ताबडतोब फोन केला. कोयंड्यांनी जहाज वळवलं, पण भरलेलं जहाज, समोरून उसळलेला समुद्र. वाऱ्याने तासातासाला जोर धरला. पुढच्या भागातलं एक झाकण सैल होऊन आत पाणी शिरायला लागलं. ते आवळायला माणसं पाठवणं भाग होतं. होडेकर आणि आणखी एकजण दोर बांधून गेले. तो दुसरा परत आला.

"जहाज?" मी विचारलं.

"सुखरूप आहे. बाकीचे वीस जणही." सरांनी माझा मंगळवारचा नकाशा टेबलावर पसरला होता. त्यांनी रेघेवर बोट ठेवलं. "ही दिसली होती?"

"सातत्य, सर."

त्यांनी रेघेवरचं बोट उचललं. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग उठले आणि भिंतीवरचे लाल शाईचे सगळे नकाशे एकेक करून काढले, गुंडाळले, आणि कपाटात ठेवून दिले. त्या दिवसानंतर आमच्या ऑफिसात तो नियम राहिला नाही. पण त्याविषयी कुणी चकार शब्दही काढला नाही.

चौकशी झाली. ती जहाजाच्या मालकांची होती, आमची नव्हे. आमच्या प्रत्येक संदेशाच्या तळाशी छापलेलं असतं की हा केवळ सल्ला आहे, निर्णय कॅप्टनचा. एक गृहस्थ येऊन नोंदवही चाळून गेले. मंगळवारच्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

"जहाजाने वारा कळवला नव्हता?"

खांबेटे सर माझ्याकडे बघत होते. "रकाना कोरा आहे," मी म्हणाले. ते खरंच होतं. त्या गृहस्थांनी तसं लिहून घेतलं.

कॅप्टनवर ठपका आला. दाब उतरतोय हे दिसत असताना त्याने वाट बदलली नाही, कुणाला कळवलं नाही, आणि माणसाला धोक्यात घातलं. वारा आणि दाब फोनवर कळवला होता एवढं एक वाक्य जरी त्यांनी म्हटलं असतं तरी माझी पाचावर धारण बसली असती. रोज मी त्या वाक्याची वाट बघत होते. ते आलंच नाही.

मार्चमध्ये एका दुपारी शिपाई सांगत आला, कुणी कोयंडे म्हणून भेटायला आलेत. मी खाली गेले. कल्पनेतले कोयंडे उंच होते, दाढीवाले. समोर उभा होता एक ठेंगणा, काळासावळा माणूस, पांढऱ्या बुशशर्टात, हातात कापडी पिशवी.

"बार्शी ना?" ते म्हणाले. आवाज तोच. मला रडूच आलं.

"असं करू नका ताई. मी भांडायला आलो नाही." आम्ही समोरच्या उपाहारगृहात बसलो. त्यांनी चहा मागवला, आणि तो तसाच ठेवून बोलत राहिले. कंपनीने त्यांना पुन्हा जहाज दिलं नव्हतं. दुसरीकडे विचारलं तर बघू म्हणतात. ते जयगडला जाऊन आले होते. होडेकरच्या बायकोने त्यांना घरात बसवलं, पाणी दिलं, आणि त्या आत निघून गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत.

"फोनवर वारा कळवल्याचं तुम्ही का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"कशाला? जहाज माझं. सल्ला ऐकायचा की नाही हेही माझंच. तुमची नोकरी जाऊन इसाक परत येणार होता?" त्यांनी कपाची बशी उगीच गोल फिरवली. "मी दुसऱ्याच कामाने आलोय. एकच विचारायचंय. खरं सांगाल?"

"विचारा."

"त्या दिवशी चित्रात ती लाट तुम्हाला खरंच पुढे गेलेली दिसत होती? डोळ्यांनी? की अंदाजाने?"

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. मला वाटलं, हा माणूस इतका लांब आला तो माझ्या तोंडून कबुली घ्यायला. पिशवीत वकिलाचा कागद असेल. खांबेटे सर सहा महिन्यांनी निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागी माझं नाव चाललं होतं. हे सगळं एका क्षणात डोक्यात येऊन गेलं. माणूस किती झटपट हिशेब करतो!

"दिसत होती," मी म्हणाले. "स्पष्ट."

त्यांनी मान हलवली. एकदा, दोनदा. त्यांचा चेहरा पडला तो रागाने नव्हे. अंगातून काहीतरी काढून घेतल्यासारखे ते खुर्चीत खचले.

"मग माझाच वारा चुकला म्हणायचा," ते म्हणाले. "मला वाटत होतं, मी बरोबर होतो आणि तुमचं ऐकून फसलो. सहा महिने मी त्याच्यावरच काढले. इसाक गेला, हातचं जहाज गेलं, पण निदान मला कळलं तरी होतं, असं म्हणायचो मनाशी. आता तसंही नाही. तुम्हाला दिसत होतं, म्हणजे ते तसंच होतं. मागनं काहीतरी झालं असेल, लाट फिरली असेल. मी उगाच उजवा हात, डावा हात करत बसलो."

मी तोंड उघडायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं की नाही हो, तुम्ही बरोबर होतात, मी पट्टीने रेघ ओढली होती. एका वाक्याचं काम. मी चहाचे पैसे द्यायला पर्स उघडली. त्यांनी ते मला देऊ दिले नाहीत.

मी खांबेटे सरांच्या खुर्चीत बसले. हाताखालच्यांना रेघ ओढण्याआधी जहाजांचा वारा विचारायला लावलं, तो लिहायला लावला, रकाना कोरा दिसला की फाडून खायचे. सगळे म्हणत, बारबोले मॅडम फार काटेकोर. मी ऐकून घ्यायचे. पण दरवर्षी पहिली लाट आफ्रिका सोडायची तेव्हा माझी भूक मरायची, आणि घरी कुणाला कारण सांगता यायचं नाही.

आठ वर्षांनी, एका मे महिन्यात, मी देवगडला गेले. पत्ता मिळायला वेळ लागला नाही. घराबाहेरच्या मांडवात आंब्याच्या पेट्या भरणं चाललं होतं. कोयंडे चुलतभावाच्या पेट्यांवर पट्ट्या चिकटवत बसले होते. केस पांढरे झाले होते. मला पाहून त्यांना मनापासून आनंद झाला, आणि त्यानेच मी मांडवाच्या कडेलाच थांबले.

ते हात धुवायला मागे गेले तेव्हा त्यांच्या बायकोने, वहिनींनी, पाण्याचा तांब्या पुढे केला.

"समुद्रार जाणत नाय आता?" मी त्यांच्या बोलीत जमेल तसं विचारून बघितलं.

"खंय? होडी पण भावाक दिल्यानी. आधी सगळी वाडी इचारूक येय, कप्तान, आज वारो कसो, जाव काय नको. आता इचारल्यानी तर ह्ये म्हणतत, माका इचारू नको, माका वारो कळणा नाय. गेल्या साली दोन पोरां अशीच गेली वाऱ्यात. ह्येंनी सकाळी वारो फिरताना बघल्यानी होतो. बोलाक नाय. म्हणाले, माझा चुकता." वहिनींनी तांब्या परत घेतला. "दोनय पोरां मिळाली, जिती. पण त्या दिवसापासून ह्ये समुद्राकडे तोंड करून बसणतच नाय."

कोयंडे आले आणि माझ्यासमोर पेटीवर बसले. मी वाट बघितली नाही. वाट बघितली असती तर पुन्हा तेच झालं असतं.

"कॅप्टन, मी तुमच्याशी खोटं बोलले होते. त्या दिवशी मला काहीसुद्धा दिसत नव्हतं. चित्रात नुसता ढगांचा पट्टा होता. मी पट्टी लावून रेघ पुढे ढकलली. तुम्ही फोन केलात तेव्हा मला कळलं होतं की तुम्ही बरोबर आहात. मी घाबरून कबूल केलं नाही. नंतर तुम्ही विचारलंत तेव्हाही घाबरले. तुमचा वारा चुकला नव्हता. एका अंशानेही नाही."

मी संपवल्यावर त्यांनी बोटावर राहिलेला डिंक लुंगीला पुसला.

"हिने सांगितलं ना तुम्हाला?" ते म्हणाले. "त्या पोरांचं?"

"सांगितलं, पण मी त्याच्यासाठी..."

"ताई." ते हसले, तेच हसू, फोनवरचं. "इतक्या लांबून तुम्ही माझ्यासाठी आलात. दुसरं कोण येतं? पण मला बरं वाटावं म्हणून स्वतःवर काही घेऊ नका."

"मी शपथेवर सांगते, कॅप्टन. मला दिसत नव्हतं."

"त्या वेळी मी विचारलं, तेव्हा तुम्ही सरळ तोंडावर सांगितलंत. खरं होतं तेच सांगितलंत. दुसरा कुणी असता तर माझी समजूत काढली असती. मी हिलासुद्धा म्हणतो, सगळे ठपका ठेवून मोकळे झाले, खरं एकटी ती बार्शीची मुलगी बोलली." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "आता कशाला बिघडवता ते?"

दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. नकाशे केव्हाच रद्दीत गेले होते, आणि वारा मी लिहिलाच नव्हता. मी पुन्हा सांगितलं, वेगळ्या शब्दांत, आणि तिसऱ्यांदा. ते मान हलवत राहिले, आजारी माणसाचं बोलणं ऐकून घ्यावं तसे. शेवटी ते उठले, वहिनींना हाक मारून म्हणाले, ताईंना जेवल्याशिवाय सोडू नको, आणि पट्ट्या चिकटवायला बसले, समुद्राकडे पाठ करून.